कडू कवठाचें तेल आणि औषधांस न जुमानणारे जंतु



कोंकणांतील जुन्या घराच्या पडवींत, कोनाड्यांत ठेवलेल्या दोन-तीन तेलकट बाटल्या आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिल्या असतील. एकींत करंजाचें तेल, दुसरींत उंडीचें, एखादींत कडुनिंबाचें. बैलाचा खांदा जुवानें सोलवटला, पोराच्या अंगावर खरूज उठली, पावसाळ्यांत चिखलांत राबून बोटांच्या बेचक्या कुजल्या, कीं आजीबाईचा हात त्या बाटलीकडे जावयाचा. कडू तेल लावलें म्हणजे किडा मरतो, हें तिचें साधें औषधशास्त्र.

अलीकडे या जुन्या समजुतीला नवें महत्त्व आलें आहे. जंतुनाशक औषधांना न जुमानणारे जंतु जगभर वाढत आहेत. २०१९ या एका वर्षांत अशा जंतूंमुळें जगांत सुमारें १२ लाख ७० हजार माणसें प्रत्यक्ष दगावलीं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. अशा वेळीं अमुक बियांच्या तेलानें हे हट्टी जंतु मरतात, अशा बातम्याहि वारंवार वाचनांत येतात. मग मुलें विचारतात, “गुरुजी, आजीचें म्हणणें खरें होतें काय?”

या प्रश्नाचें उत्तर नुसतें ‘होय’ किंवा नुसतें ‘नाहीं’ असें देतां येत नाहीं. परंतु तें कसें शोधावें हें शिकवणारा एक उत्तम धडा आपल्याच सह्याद्रींत वाढलेल्या एका झाडानें जगाला दिला आहे. ज्याची जंतूंविरुद्ध दीर्घकाळ परीक्षा झाली, असें हें बियांचें तेल आहे. त्याची हकीकत पाहूं आणि प्रत्येक टप्प्यावर कोणता प्रश्न विचारावा लागला तें ध्यानांत घेऊं.

पश्चिम समुद्राकांठचा वृक्ष

कोंकणापासून केरळापर्यंत, सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील सदाहरित रानांत, विशेषतः ओढ्यांच्या कांठीं, हा वृक्ष वाढतो. त्याचें फळ वाटोळें, कठीण कवचाचें आणि तपकिरी असून दिसण्यांत कवठासारखें असतें. म्हणून मराठींत त्याला कडू कवठ किंवा कवटी म्हणतात. मल्याळम् भाषेंत त्याचें नांव मरोट्टी. वनस्पतिशास्त्रांत तो हिडनोकार्पस या वर्गांत मोडतो. फळाच्या गरांत कोनदार बिया दाटीनें बसलेल्या असतात आणि त्या बियांच्या मगजांत तेल भरपूर असतें.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत ‘तुवरक’ नांवाच्या वृक्षाचें वर्णन आहे. तो पश्चिम समुद्राच्या कांठच्या भूमींत होतो, पावसाळ्यांत त्याचीं फळें गोळा करावीं, बियांचें तेल काढावें आणि तें कुष्ठाच्या रोग्यास द्यावें, असें तेथें सांगितलें आहे. तुवरक म्हणजेच कडू कवठ, असें बहुतेक अभ्यासक मानतात. येथें एक गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. प्राचीन वैद्यकांत ‘कुष्ठ’ या शब्दाखालीं त्वचेचे अनेक विकार येत. त्यामुळें तेलानें बरा झालेला प्रत्येक जुना रोगी आजच्या अर्थानें कुष्ठरोगी होता, असें धरून चालतां येत नाहीं. रोग कोणता हें नक्की झाल्यावांचून औषधाचा गुण नक्की होत नाहीं.

डॉक्टर भाऊ दाजी यांचा प्रयत्न

गोव्याच्या पेडणें भागांतील मांद्रें गांवीं जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव मुंबईच्या भायखळ्यांतील वस्तुसंग्रहालयामुळें आपणांस माहीत आहे. १९७५ पासून त्या संग्रहालयास त्यांचें नांव आहे. ग्रांट वैद्यकीय महाविद्यालयांतून १८५१ सालीं बाहेर पडलेल्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकीं ते एक होत. इंग्रजी वैद्यक शिकूनहि त्यांनीं जुन्या संस्कृत ग्रंथांकडे पाठ फिरविली नाहीं. त्या ग्रंथांत ज्या औषधींचें मोठें माहात्म्य वर्णिलें आहे, त्यांची रोग्यांवर परीक्षा करून पाहावी, असा त्यांचा क्रम होता. कुष्ठरोग हा त्यांच्या विशेष अभ्यासाचा विषय झाला आणि त्यांच्या उपचारांत कडू कवठाच्या तेलाचा उपयोग होता, असें त्या काळच्या औषधिविषयक लेखनावरून दिसतें.

त्यांच्या आधीं, १८५४ सालीं, बंगालमध्यें डॉ. मौअट यांनीं चालमुग्रा नांवाच्या तशाच एका तेलाकडे युरोपीय वैद्यांचें लक्ष वेधलें होतें. त्या काळीं कुष्ठरोगाचें दुःख कोंकणाला परकें नव्हतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत खुद्द रत्नागिरींत दिनशा माणेकजी पेटिट यांच्या नांवें कुष्ठरुग्णांसाठीं रुग्णालय उभें राहिलें. मुंबईंत १८९० सालीं, ॲकवर्थ साहेब महानगरपालिकेचे आयुक्त असतां, वडाळ्याच्या बाजूस निराधार रुग्णांसाठीं मोठें आश्रयस्थान निघालें. मराठी पोवाडे गोळा करून छापणारे ॲकवर्थ ते हेच.

भाऊ दाजी ज्या शत्रूशीं झुंजत होते, त्याचें रूप मात्र त्यांस दिसलें नव्हतें. नॉर्वे देशांत हॅन्सेन या डॉक्टरांनीं १८७३ सालीं कुष्ठरोग्याच्या गांठींतील दंडाकार जंतु सूक्ष्मदर्शकांतून पाहिले. पुढल्याच वर्षीं भाऊ दाजी वारले. तोंपर्यंत पुष्कळ लोक या रोगाला वंशपरंपरेचें फळ किंवा पूर्वकर्माचा भोग समजत. रोगाचें कारण जंतु आहे, हें कळल्यावर तेलाविषयींचा प्रश्न बदलला. तेलानें रोग्यास बरें वाटतें काय, एवढ्यावर आतां भागेना. तेलानें तो जंतु मरतो काय, हें पाहावें लागलें.

पहिला प्रश्न : बी कोणत्या झाडाची?

बंगालच्या बाजारांत चालमुग्रा म्हणून बिया विकल्या जात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं वनस्पतिशास्त्रज्ञांनीं त्या बिया गायनोकार्डिया नांवाच्या वृक्षाच्या ठरविल्या, आणि जवळजवळ शंभर वर्षें सर्व ग्रंथांत तेंच नांव छापलें गेलें. विसाव्या शतकाच्या प्रारंभास उघडकीस आलें कीं, खऱ्या चालमुग्र्याच्या बिया ब्रह्मदेश व आसामकडील एका निराळ्याच वृक्षाच्या आहेत आणि तो वृक्ष आपल्या कडू कवठाचा सख्खा भाऊ आहे. गायनोकार्डियाच्या बियांत कुष्ठरोगावर गुणकारी मानलेलें द्रव्य मुळींच नाहीं. उलट विषारी सायनाइड ज्यांतून सुटतें असें एक द्रव्य मात्र आहे.

मुलांनो, ही चूक विद्वानांच्या ग्रंथांत शतकभर टिकली. तर मग बाजारांतून आणलेल्या, वर चिठ्ठी चिकटविलेल्या बाटलींत नेमकें कोणतें तेल आहे, याची खात्री आपण कशावरून धरावी?

दुसरा प्रश्न : त्यांतील कोणतें द्रव्य?

लंडनमध्यें फ्रेडरिक पॉवर या रसायनशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९०४-०५ च्या सुमारास या दोन्ही तेलांचें पृथक्करण केलें. खोबरेल असो, तिळाचें असो वा शेंगदाण्याचें असो, कोणत्याहि तेलांत मेदाम्लें असतात. कार्बनच्या अणूंची लांब सांखळी, असें त्यांचें स्वरूप असतें. कडू कवठाच्या तेलांतील मुख्य मेदाम्लांच्या सांखळीच्या शेवटीं मात्र पांच कार्बन-अणूंचें एक कडें अडकविलेलें असतें. त्यांपैकीं एका अम्लास चालमुग्रिक आणि दुसऱ्यास हिडनोकार्पिक अम्ल असें नांव दिलें गेलें. असें कडें आपल्या स्वयंपाकघरांतील तेलांत नसतें.

पुढें १९२० सालीं वॉकर आणि स्वीनी या संशोधकांनीं हीं अम्लें निरनिराळ्या जंतूंवर लावून पाहिलीं. क्षयाच्या कुळांतील मेणचट आवरणाचे जंतु त्यांनीं मेले. परंतु इतर सामान्य जंतूंवर त्यांचा तसा परिणाम झाला नाहीं. कुष्ठाचा जंतुहि त्याच मेणचट कुळांतला. म्हणजे आजीबाईच्या ‘किडा मरतो’ या वाक्यांत एक दुरुस्ती करावी लागली : कांहीं किडे मरतात, सर्व नव्हेत.

तिसरा प्रश्न : किती प्रमाणांत व कोणत्या मार्गानें?

द्रव्य सांपडलें, तरी तें रोग्याच्या शरीरांत जंतूपर्यंत पोंचवावयाचें कसें? तेल पोटांत घेतलें तर इतकी मळमळ सुटे कीं, पुष्कळ रोगी तें सोडून देत. कातडीवर चोळलें तर तें आंत जाईना. सुईनें टोचलें तर दाट तेल त्याच जागीं सांचे, दुखे व गळूं धरी.

ही अडचण दूर करण्याचा मान हवाई बेटांतील ॲलिस बॉल या तरुण कृष्णवर्णी रसायनशास्त्रज्ञेचा आहे. १९१५-१६ च्या सुमारास, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षीं, तिनें तेलांतील अम्लांचें अल्कोहोलशीं संयुग बनवून तें टोंचण्यास योग्य व शरीरांत शोषलें जाईल असें केलें. आपलें काम छापून येण्यापूर्वींच, १९१६ च्या अखेरीस, ती वारली. तिच्या महाविद्यालयाच्या प्रमुखानें तें कार्य पुढें नेलें, पण प्रसिद्ध करतांना तिचा उल्लेख केला नाहीं. १९२२ सालीं एका डॉक्टरनें तिच्या पद्धतीला तिचें नांव देऊन थोडी भरपाई केली. विद्यापीठानें तिच्या स्मरणार्थ फलक बसविला तो २००० सालीं. शाळेंतील मुलींनीं हें नांव अवश्य लक्षांत ठेवावें.

यानंतर वीस-पंचवीस वर्षें हीं टोचणीं जगभर चाललीं. कलकत्त्यास सर लिओनार्ड रॉजर्स व डॉ. म्यूर यांनीं या तेलापासून केलेल्या औषधांचा पुष्कळ अभ्यास केला. भारतांतील मिशनच्या कुष्ठरुग्णालयांतहि हिडनोकार्पसचें टोचणें हाच नेहमींचा उपचार होता.

चौथा प्रश्न : बरा झाला, हें ठरविलें कसें?

हवाईंत कांहीं वर्षांतच अनेक रोगी बरे होऊन घरीं गेले. आनंद मोठा झाला. परंतु त्यांतील पुष्कळ पुन्हां आजारी होऊन परत आले. कुष्ठरोगाचा सौम्य प्रकार कित्येकदां औषधावांचूनहि मावळतो. शिवाय रुग्णालयांत चांगलें अन्न, स्वच्छता व विश्रांति मिळाली कीं रोग्याची प्रकृति सुधारते. यांतला गुण तेलाचा किती आणि इतर गोष्टींचा किती, हें वेगळें काढणें अतिशय कठीण गेलें. कुष्ठाचा जंतु आजवर प्रयोगशाळेतील कृत्रिम अन्नावर वाढवितां आलेला नाहीं. त्यामुळें ज्याच्यावर तेल चालवावयाचें, त्याच जंतूवर बशींत परीक्षा करणेंहि अशक्य होतें.

ती सोय झाली १९६० सालीं. शेपर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञानें उंदराच्या तळपायांत हा जंतु वाढवून दाखविला. त्या पद्धतीनें लेव्ही यांनीं १९७५ सालीं चालमुग्र्याच्या अम्लांची परीक्षा घेतली, तेव्हां उंदरांत कुष्ठजंतूची वाढ त्यांनीं रोखली गेली, असें दिसून आलें. म्हणजे सुश्रुतांचें व भाऊ दाजींचें तेल अगदींच निष्फळ नव्हतें. त्याच्यांत शक्ति होती. पण ती रोग्याला निश्चितपणें व कायमचें बरें करण्याइतकी नव्हती.

गोळी आली, आणि जंतु हट्टी झाला

दरम्यान दुसरें औषध येऊन पोंचलें होतें. अमेरिकेंत कार्व्हिल येथें डॉ. फॅगेट यांनीं १९४१ सालीं सल्फोन जातीचें औषध देण्यास आरंभ केला. त्याच दशकांत मद्रास प्रांतांतील चिंगलपुट येथें मिशनरी वैद्य डॉ. कॉक्रेन यांनीं त्याच जातीचें डॅप्सोन वापरात आणिलें. गोळी लहान, किंमत थोडी, गुण स्पष्ट. दुखऱ्या टोचण्यांतून रोगी सुटले आणि कडू कवठाचें तेल मागें पडलें.

परंतु डॅप्सोन एकटेंच, अनेकदां थोड्या मात्रेंत, वर्षानुवर्षें दिलें जाऊं लागलें. रोगी मधूनमधून तें घेण्याचें विसरत. मलायांत पेटिट आणि रीस या डॉक्टरांनीं १९६४ सालीं उंदरांवरील परीक्षेनें सिद्ध केलें कीं, कांहीं रोग्यांतील जंतु डॅप्सोनला जुमानीत नाहींत. पुढें अशा रोग्यांची संख्या देशोदेशीं वाढत गेली.

असें कां होतें? याचें उत्तर अंकगणितांत आहे. पाटीवर मांडून पाहा.

रोग फार वाढलेल्या मनुष्याच्या शरीरांत दहा हजार कोटींपर्यंत जंतु असूं शकतात. जंतूंची वाढ होतांना त्यांच्या घडणींत सहजगत्या लहान-लहान फरक पडतात. दर दहा लाखांत साधारण एक जंतु असा निघतो कीं, त्याला डॅप्सोन बाधत नाहीं. दहा हजार कोटींना दहा लाखांनीं भागा; उत्तर एक लाख. एकटें डॅप्सोन दिलें, तर बाकीचे मरतील आणि हे एक लाख उरतील. त्यांना स्पर्धकच उरला नाहीं, म्हणून सारें रान त्यांचेंच. हा जंतु संथ आहे. दुप्पट होण्यास त्याला सुमारें दोन आठवडे लागतात. पण कालान्तरानें रोग परत येतो आणि तेव्हां त्यांतील बहुसंख्य जंतु हट्टी असतात.

आतां रिफाम्पिसिन हें दुसरें औषध घ्या. त्याला न जुमानणारा जंतु एक कोटींत सुमारें एक. दोन्ही औषधांना एकाच वेळीं न जुमानणारा जंतु किती? दहा लाखांना एक कोटीनें गुणा : दहा लाख कोटींत एक. शरीरांत तर जंतु फार झाले तर दहा हजार कोटी. म्हणजे दोन्हींतून निसटणारा एकहि जंतु बहुधा सांपडणार नाहीं. याच हिशेबावर जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं १९८१ सालीं डॅप्सोन, रिफाम्पिसिन व क्लोफॅझिमिन यांचा एकत्र उपचार सुचविला. त्यालाच बहुविध औषधोपचार म्हणतात. रोगाच्या प्रकाराप्रमाणें तो सहा किंवा बारा महिने घ्यावा लागतो. त्यानें जगांतले कोट्यवधि रोगी बरे झाले.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९४५ सालच्या आपल्या नोबेल भाषणांतच इशारा दिला होता कीं, पेनिसिलिन अपुऱ्या मात्रेंत घेतल्यास जंतु मरण्याऐवजीं शिकून तयार होतील. कुष्ठरोगांत तें वीस वर्षांत खरें ठरलें. क्षयांत, जखमेंत, मूत्रमार्गाच्या विकारांत आज तेंच घडतांना दिसत आहे.

मग तेलें पुन्हां उपयोगी पडतील काय?

शास्त्रज्ञ आज तेलांकडे पुन्हां वळले आहेत, हें खरें. आपल्या किनाऱ्यावरील उंडीचेंच उदाहरण पाहा. पूर्वी दिव्यांत जळणाऱ्या या तेलावर २०१५ सालीं एक संशोधन प्रसिद्ध झालें. निरनिराळ्या बेटांवरून आणलेलीं पांच उंडीतेलें जखमेंतल्या जंतूंवर तपासलीं गेलीं. औषधांना न जुमानणाऱ्या कांहीं जंतूंचीहि वाढ त्यांनीं थांबविली. परंतु ज्यांच्या अंगावर बाहेरून आणखी एक आवरण असतें, त्या वर्गाच्या जंतूंवर तेलाचा प्रत्यक्ष परिणाम झाला नाहीं. पुन्हां तीच गोष्ट : कांहीं जंतु, सर्व नव्हेत.

ओव्याचें तेल निराळ्या जातीचें. येथें घरीं करण्याजोगा एक प्रयोग सांगतों. कोऱ्या कागदावर एके ठिकाणीं खोबरेलाचा थेंब टाका, दुसरीकडे ओव्याच्या अर्काचा. दुसऱ्या दिवशीं पाहा. खोबरेलाचा डाग तसाच राहील; ओव्याचा उडून जाईल. पहिलें स्थिर तेल, दुसरें उडणारें. ओव्याच्या उडणाऱ्या तेलांत थायमॉल असतें. बाजारांत ‘ओव्याचीं फुलें’ म्हणून त्याचे स्फटिक मिळतात. तें जंतूचें पातळ आवरण फोडतें आणि आंतील द्रव्यें बाहेर गळतात. पण तेंच थायमॉल जोरकस घेतलें तर आपली कातडीहि पोळते.

यावरून एक नियम ध्यानांत येईल. कांचेच्या बशींत जंतु मारणें आणि मनुष्याच्या शरीरांत जंतु मारणें, या दोन गोष्टी भिन्न आहेत. बशींत जितकें तेल ओतावें तितका जंतु मरेल. रक्तांत तितकें तेल जाऊं शकत नाहीं, आणि गेलें तर जंतूच्या आधीं मनुष्य दगावेल. म्हणून बशींतली बातमी ही शोधाची सुरुवात समजावी, औषधाची चिठ्ठी समजूं नये. शिवाय जें द्रव्य जंतूला मारतें, त्याच्यापासून बचावणारा जंतुहि निपजूं शकतो. तें द्रव्य कारखान्यांत बनलें कीं बियांत, हा भेद जंतु करीत नाहीं.

पालकांस विनंति

हा विषय केवळ परीक्षेपुरता नाहीं, म्हणून चार शब्द वडील मंडळींसाठीं लिहितों. भारतांत कुष्ठरोगाचें प्रमाण दर दहा हजारांत एकाच्या खालीं आलें, अशी नोंद २००५ च्या अखेरीस झाली. तरीहि अद्याप दरवर्षीं देशांत एक लाखाच्या आसपास नवे रुग्ण सांपडतात आणि त्यांत मुलेंहि असतात.

या रोगाचा आरंभ बहुधा एका फिकट किंवा लालसर चट्ट्यानें होतो. तो खाजत नाहीं, दुखत नाहीं. तेथें स्पर्श कळत नाहीं, हेंच त्याचें मुख्य लक्षण. दुखत नाहीं म्हणून घरांत कोणी घाई करीत नाहीं. कोणी करंजेल लावतो, कोणी उंडीचें तेल, आणि महिने जातात. त्या महिन्यांत जंतु त्वचेखालच्या मज्जातंतूंना खातो. पुढें बोटें वांकतात, पायाला खिळा लागला तरी कळत नाहीं, चुलीवरचें भांडें उचलतांना हात पोळला तरी समजत नाहीं. जंतु औषधानें मरतो, पण मेलेला मज्जातंतु सहसा परत येत नाहीं. तेलाच्या बाटलीमुळें होणारा खरा तोटा हा आहे : तेल अपाय करतें असें नव्हे, तर तें वेळ खातें.

म्हणून असा चट्टा दिसला, हातापायांस बधिरपणा आला, तर थेट प्राथमिक आरोग्य केंद्रांत जावें. तेथें तपासणी होते आणि औषध सरकारी केंद्रांतून विनामूल्य मिळतें. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळांत रोगी दुसऱ्यास रोग देण्याजोगा राहत नाहीं. त्याला घराबाहेर काढण्याचें किंवा मुलाची शाळा बंद करण्याचें कांहींच कारण नाहीं. रोग्यांना सक्तीनें वेगळें ठेवण्याचा १८९८ चा जुना कायदा २०१६ सालीं रद्द झाला, आणि कुष्ठरोग हें काडीमोडाचें कारण मानणारीं कलमें २०१९ सालीं कायद्यांतून काढलीं गेलीं. कायद्याच्या पुस्तकांतून जें गेलें, तें आपल्या मनांतूनहि जावें.

दुसरी विनंति अशी : डॉक्टरांनीं दिलेला कोणत्याहि जंतुनाशक औषधाचा क्रम बरें वाटतांच मध्यें सोडूं नये, उरलेल्या गोळ्या शेजाऱ्यास देऊं नयेत आणि सर्दी-पडशाला दुकानांतून आपल्या मनानें तीं औषधें आणूं नयेत. पाटीवरचे ते एक लाख जंतु आठवावे.

मग आजीबाईच्या तेलाचें काय करावें? तें फेंकून देऊं नये. कुष्ठरोगानें ज्यांचे हातपाय बधिर झाले, त्यांच्या कातडीला घाम येत नाहीं. ती कोरडी पडून भेगाळते आणि भेगांतून जखमा चिघळतात. आरोग्य-सेवक अशा रुग्णांस रोज वीस-तीस मिनिटें हातपाय साध्या पाण्यांत बुडवून ठेवण्यास आणि वर लगेच तेल लावण्यास शिकवितात, म्हणजे ओलावा टिकतो व कातडी मऊ राहते. खोबरेल चालतें. जंतु मारण्याचें काम गोळीनें करावें आणि कातडी राखण्याचें काम तेलानें करावें. ज्याचें काम त्याला दिलें, म्हणजे दोहोंचाहि उपयोग होतो.

विद्यार्थ्यांनीं पुढील वर्षभर एक सवय लावून घ्यावी. कोणत्याहि झाडपाल्याचा, तेलाचा किंवा गोळीचा गुण कोणी सांगितला, तर थट्टा करूं नये आणि आंधळेपणानें मानूंहि नये. चार प्रश्न विचारावे : कोणती वनस्पति? त्यांतील कोणतें द्रव्य? किती, व कोणत्या मार्गानें? बरा झाला हें कसें ठरविलें? भाऊ दाजींपासून ॲलिस बॉलपर्यंत ज्यांनीं कडू कवठाचा अभ्यास केला, त्यांतील प्रत्येकानें यांपैकीं एकेका प्रश्नाशीं झगडून पुढच्याची वाट मोकळी केली. आपल्या रानांत, किनाऱ्यावर अशीं कितीतरी झाडें हे प्रश्न कोणी विचारील याची वाट पाहत उभीं आहेत. त्यांतलें एखादें तुमच्या वांट्यास यावें.